प्रत्येकाचं पान वेगळं वाढा

रात्रीची जेवणं आटोपून, ओटा आवरून घरातली माणसं टीव्हीसमोर येऊन बसतात. रिमोटचं बटण दाबलं की नेटफ्लिक्स असो, प्राइम व्हिडिओ असो की जिओहॉटस्टार, पडद्यावर चित्रांच्या ओळी लागतात. पहिल्या ओळीत दुपारी आजीने अर्धवट सोडलेली मालिका, तिच्या शेजारी नातवाचं कार्टून, त्याला खेटून मुलाने मध्यरात्री पाहिलेली कोरियन गुन्हेकथा. त्याखाली या सगळ्यांची सरमिसळ करून यंत्राने सुचवलेली पंधरा-वीस नावं, ज्यांतलं एकही घरातल्या कुणालाच पाहायचं नसतं. मग एक जण रिमोट फिरवत राहतो, दुसरा मोबाइल काढतो, तिसरा झोपायला जातो. 'एवढे पैसे भरतो आणि पाहण्यासारखं काहीच नाही' हे वाक्य ठरलेलं. ते बहुतेक वेळा खरं नसतं. पाहण्यासारखं पुष्कळ असतं. ते आपल्यापर्यंत यावं अशी व्यवस्था आपण लावलेली नसते. प्रत्येकाचं प्रोफाइल, भाषा, वॉचलिस्ट, आपोआप सुरू होणारे भाग, मुलांसाठीचं कुलूप या चार-पाच गोष्टी एकदा नीट बसवणं हे किरकोळ तांत्रिक काम आहे, असं समजून आपण ते टाळत राहतो. माझं म्हणणं असं, की ते तांत्रिक नाही. आपल्या घरात काय पाहिलं जावं हे कुणी ठरवायचं, याचा तो निर्णय आहे, आणि मराठी प्रेक्षकाने तो इतरांपेक्षा अधिक गंभीरपणे घ्यायला हवा.

सेटिंगला हात लावला नाही म्हणजे आपण काहीच ठरवलं नाही, असा एक समज असतो. पण ॲप पहिल्यांदा उघडतो तेव्हा त्यातला प्रत्येक पर्याय आधीच कुणीतरी चालू किंवा बंद करून ठेवलेला असतो. अशा आधी लावून ठेवलेल्या पर्यायाची ताकद केवढी असते, याचा प्रसिद्ध दाखला एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टाइन यांनी २००३ साली 'सायन्स' या नियतकालिकात दिला. मरणोत्तर अवयवदानाला जर्मनीत संमती १२ टक्के लोकांची होती आणि शेजारच्या ऑस्ट्रियात ९९.९८ टक्के. भाषा एक, संस्कृती जवळपास एक. फरक एवढाच, की जर्मनीत संमती मुद्दाम नोंदवावी लागत होती आणि ऑस्ट्रियात ती गृहीत धरलेली होती, नकार तेवढा नोंदवायचा. जन्ममरणाच्या प्रश्नावरही माणसं समोर मांडून ठेवलेला पर्याय सहसा बदलत नाहीत. मग दिवसभराच्या कामाने थकलेला माणूस रात्री दहा वाजता रिमोट घेऊन सेटिंगमध्ये शिरेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. कंपन्यांना हे चांगलं ठाऊक असतं, म्हणून कोणता पर्याय आधीपासून चालू ठेवायचा यावर त्या एवढा विचार करतात.

या धंद्यात त्या पहिल्या पडद्याचं मोल किती, हे नेटफ्लिक्सच्याच माणसांनी लिहून ठेवलं आहे. कार्लोस गोमेझ-उरिबे आणि नील हंट यांचा २०१५ सालचा शोधनिबंध सांगतो, की प्रेक्षक काय पाहायचं ते साधारण ६० ते ९० सेकंद शोधतो. तेवढ्या वेळात त्याची नजर १० ते २० नावांवरून फिरते, त्यांतली तीनेक तो जरा नीट पाहतो, आणि मन बसलं नाही तर उठून जाण्याची शक्यता झपाट्याने वाढते. त्याच निबंधात म्हटलं आहे, की त्यांच्याकडे पाहिल्या जाणाऱ्या दर १० तासांपैकी सुमारे ८ तास शिफारशींच्या प्रभावाखाली निवडले जातात. स्वतः नाव टाकून शोधण्यातून येतात ते उरलेले २. म्हणजे कोठारात हजारो चित्रपट असोत, आपल्यापुरतं कोठार हे त्या वीस नावांचंच. त्या विसांत कुणाला जागा मिळते, हाच खरा प्रश्न आहे.

जागा कशी मिळते, हेही गुपित नाही. नेटफ्लिक्स आपल्या मदतपानावर सांगतं, की शिफारशीसाठी आपण काय पाहिलं, किती वेळ पाहिलं, दिवसाच्या कोणत्या वेळी पाहिलं, कोणत्या उपकरणावर पाहिलं, कोणती भाषा पसंत केली, कशाला अंगठा दिला आणि आपल्यासारखी आवड असलेले इतर प्रेक्षक काय पाहतात, हे सगळं विचारात घेतलं जातं. वय आणि लिंग मात्र विचारात घेतलं जात नाही, असंही ते स्पष्ट करतं. आता हे एका घराला लावून पाहावं. पंगतीत चांगला वाढपी पान पाहून वाढतो. कुणाचा भात संपला, कुणी आमटी पुन्हा मागितली, कुणी कोशिंबीर बाजूला सारली, हे त्याला दिसतं. पण पाच माणसं एकाच पानात जेवायला बसली तर त्याला काय कळणार? ज्याचा हात सर्वांत भरभर चालतो त्याच्या आवडीचं तो वाढत राहील. एका प्रोफाइलवर अख्खं घर पाहत असेल तर नेमकं हेच होतं. सुट्टीत सहा-सहा तास कार्टून पाहणारा मुलगा किंवा रात्रभर मालिका संपवणारा तरुण यंत्राला सर्वांत ठळक दिसतो, आणि आठवड्यातून एकदा शांतपणे एक चित्रपट पाहणारी आई दिसेनाशी होते. तिची आवड नाकारलेली नसते. ती मोजलीच गेलेली नसते.

स्वतंत्र प्रोफाइलची सोय नेटफ्लिक्सने २०१३ साली आणली. एका खात्यावर पाच प्रोफाइल करता येतात, प्राइम व्हिडिओवर सहा, आणि त्यासाठी एक रुपयाही जास्त पडत नाही. तरीही एकाच्याच नावावर सगळं घर चालतं, कारण सुरुवातीला ते तसं झालं आणि नंतर कुणी बदललं नाही. जुनं खातं बिघडून गेलं असेल तर तेही दुरुस्त करता येतं. नेटफ्लिक्सच्या संकेतस्थळावर खात्याच्या पानात आपण पाहिलेल्याची तारीखवार यादी असते. पाहुण्याने लावलेला, चुकून सुरू झालेला किंवा दहा मिनिटांत कंटाळून सोडलेला चित्रपट त्या यादीतून लपवता येतो; चोवीस तासांच्या आत तो सर्व उपकरणांवरून पुसला जातो आणि पुढच्या शिफारशींत धरला जात नाही. ही यादी एकदा खालपर्यंत वाचून पाहावी. वर्षभरात आपला वेळ कुठे गेला याचा इतका नेमका हिशेब दुसरीकडे सापडत नाही, आणि त्यातलं किती आपण ठरवून पाहिलं होतं हा प्रश्न ती यादी वाचताना आपोआप मनात येतो.

मराठीचा मुद्दा इथे येतो. मराठी प्रेक्षक जवळजवळ नेहमीच दुभाषी किंवा त्रिभाषी असतो. तो हिंदी सहज पाहतो, इंग्रजी पाहतो, आता सबटायटल्स लावून कोरियन आणि मल्याळमही पाहतो. ही आपली श्रीमंती आहे. पण तास मोजणाऱ्या यंत्रासमोर ती आपल्या विरोधात जाते. हिंदी मालिकेचा एक हंगाम आठ-दहा तासांचा, मराठी चित्रपट दोन तासांचा. महिन्याभरात तीन हिंदी मालिका आणि दोन मराठी चित्रपट पाहणाऱ्या घराचा हिशेब यंत्र कसा मांडेल हे सांगायला नको. तमिळ किंवा तेलुगू घरात स्वभाषेचं पारडं मुळातच जड असेल, तर तिथे मुद्दाम काही करावं लागत नाही. आपल्याला करावं लागतं. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार घेऊन आला आणि ३० एप्रिल २०२१ रोजी नेटफ्लिक्सवर जगभर दाखल झाला. हिंदुस्थानी गायकीत आयुष्य घालवू पाहणाऱ्या माणसाची ती मराठी कथा. तो कोठारात असणं आणि एखाद्या सांगलीच्या किंवा डोंबिवलीच्या घरातल्या पहिल्या वीस नावांत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कंपनीने केली. दुसरी होण्यासाठी त्या घराच्या प्रोफाइलने मराठीचा काही पुरावा द्यायला हवा: भाषांच्या पर्यायांत मराठीवर खूण, पाहून झाल्यावर अंगठा, यादीत चार मराठी नावं.

नाव टाकून शोधायचं म्हटलं तरी वाट सरळ नाही. श्वास, देऊळ, कोर्ट, कासव हे चारही मराठी चित्रपट राष्ट्रीय पुरस्कारांत त्या त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरले. त्यांतल्या 'कोर्ट'चं नाव इंग्रजीच, म्हणून ते सोपं. पण 'श्वास' रोमन लिपीत लिहिताना निर्मात्यांनी दोनदा 'ए' घातला आहे, 'कासव'मध्येही दोनदा, आणि 'देऊळ'मध्ये आपण सहज 'यू' टाकू तिथे दोन 'ओ' आहेत. रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर गाठत, पडद्यावरच्या रोमन पाटीवर हे नाव उमटवताना साठीतला माणूस पहिल्याच चुकीला थांबतो आणि समोर जे दिसतं ते लावतो. ज्या माणसाला 'देऊळ' देवनागरीत डोळे मिटून लिहिता येतं, त्याने तो सापडण्यासाठी इंग्रजी स्पेलिंगचा अंदाज बांधत बसावं, ही गोष्ट मला अजिबात क्षुल्लक वाटत नाही. झी५ २०१८ साली आलं तेव्हापासून मराठीसह भारतीय भाषांत पडदा वाचण्याची सोय त्यात आहे. नेटफ्लिक्सने ऑगस्ट २०२०मध्ये आपला पडदा हिंदीत आणला. म्हणजे हे करता येतं. जिथे मराठी पडद्याची सोय आहे तिथे ती चालू करावी, आणि फोनवरून व्हॉइस सर्चने किंवा अक्षरं जुळवून नाव एकदा सापडलं की ते लगेच वॉचलिस्टमध्ये टाकावं, म्हणजे पुन्हा ती कसरत नको.

वॉचलिस्टचं मात्र बहुतेकांच्या हातून उलटंच होतं. कुणीतरी सांगितलं म्हणून टाकलं, परीक्षण वाचलं म्हणून टाकलं, ट्रेलर आवडला म्हणून टाकलं, असं करत यादी दीडशेवर जाते आणि तीही एक दुसरं कोठारच होऊन बसते. ज्या यादीतून निवडायला पुन्हा अर्धा तास लागतो ती यादी कामाची नाही. माझ्या मते पंधरा नावांच्या वर ती जाऊ देऊ नये; नवं एक टाकायचं तर जुनं एक पाहावं किंवा काढावं. सहा महिने पडून असलेलं नाव बहुधा आपल्याला पाहायचंच नसतं, पाहायला हवं असं फक्त वाटत असतं. ते काढताना अपराधी वाटून घेण्याचं कारण नाही. दुसरं असं, की ही यादी आपल्या मालकीची नाही. चित्रपटांचे हक्क ठरावीक मुदतीचे असतात. मुदत संपली की चित्रपट दुसरीकडे जातो किंवा कुठेच राहत नाही. सेवाही बदलतात. डिस्ने प्लस हॉटस्टार आणि जिओसिनेमा १४ फेब्रुवारी २०२५ रोजी एक होऊन जिओहॉटस्टार झालं. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची 'समांतर' ही मालिका २०२० साली एमएक्स प्लेयरवर आली, पुढे ते ॲपच ॲमेझॉनकडे गेलं. नेटफ्लिक्सच्या यादीला प्राइमची यादी दिसत नाही, सोनीलिव्हला झी५ची दिसत नाही. म्हणून खरी यादी घरात असावी: वहीच्या शेवटच्या पानावर किंवा कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, चित्रपटाचं नाव, कुठे आहे आणि कुणी सुचवला एवढंच लिहून. तिचा एक रोकडा उपयोगही आहे. पाच सेवांचे पैसे एकाच वेळी भरत राहण्यापेक्षा या महिन्यात कोणत्या सेवेवर आपली जास्त नावं आहेत ते पाहून तेवढीच चालू ठेवता येते. ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपोआप पैसे कापण्याआधी किमान चोवीस तास संदेश यावा लागतो. तो संदेश वाचताना ही वही समोर असावी.

ज्या एका सेटिंगबद्दल मला सर्वांत जास्त आग्रह धरावासा वाटतो, ते म्हणजे ऑटोप्ले. भाग संपतो, श्रेयनामावली वर सरकते न सरकते तोच कोपऱ्यात सेकंद मोजणारी पट्टी येते आणि पुढचा भाग सुरू होतो. उठण्याचा जो नैसर्गिक क्षण होता तो काढून घेतलेला असतो. पूर्वी तो क्षण कुणाला मागावा लागत नव्हता, मालिका आठवड्यातून एकदाच असे. नेटफ्लिक्सचे सहसंस्थापक रीड हेस्टिंग्ज यांनी २०१७ साली गुंतवणूकदारांपुढे बोलताना आपली स्पर्धा झोपेशी असल्याचं म्हटलं होतं. ते विधान मी गांभीर्याने घेतो, कारण पडद्याची सगळी रचना त्याला धरून आहे. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या ७६ नेटफ्लिक्स प्रेक्षकांवर प्रयोग केला. ज्यांचा ऑटोप्ले बंद केला त्यांचा एका बैठकीतला आणि दिवसाचा पाहण्याचा वेळ सरासरीने कमी झाला. कुणी त्यांना कमी पाहा म्हणून सांगितलं नव्हतं, फक्त पुढचा भाग लावण्यासाठी बोट हलवावं लागत होतं. नावावर थांबलं की झलक आपोआप वाजू लागते, तीही बंद करण्याची सोय प्रेक्षकांच्या तक्रारींनंतर फेब्रुवारी २०२०मध्ये आली. प्रोफाइलच्या 'प्लेबॅक' या भागात दोन चौकोन असतात, एक पुढच्या भागासाठी, एक झलकीसाठी. दोन्हींतली खूण काढावी. एका प्रोफाइलला अर्धा मिनिट पुरतो.

मुलांच्या बाबतीत तर कायद्याने आपल्या हातात साधन दिलं आहे. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक कार्यक्रमाला यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ किंवा ए असं वर्गीकरण द्यावं लागतं आणि १३+पासून वरच्या सर्व गोष्टींना पालकांच्या कुलपाची सोय ठेवावी लागते. सोय ठेवली म्हणजे कुलूप लागलं असं नाही. ते आपण लावायचं असतं, आणि ते मुलाच्या नव्हे तर मोठ्यांच्या प्रोफाइलला चार आकडी पिन घालून लावायचं असतं, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. मुलाचं वेगळं प्रोफाइल केलं आणि आपलं उघडं ठेवलं, तर दार बंद करून खिडकी उघडी ठेवल्यासारखं झालं. नेटफ्लिक्सवर एखाद्या विशिष्ट मालिकेचं नाव घालून ती मुलाच्या प्रोफाइलवरून पूर्ण बंदही करता येते. पण पिन घातली म्हणून पालकांचं काम संपत नाही. मूल काय पाहतं हे त्याच्याबरोबर अधूनमधून बसूनच कळतं.

आता यावरचे आक्षेप. पहिला अगदी साधा: करमणुकीसाठी एवढा खटाटोप कशाला? माणूस दमून येतो, त्याला डोकं बाजूला ठेवून काहीतरी पाहायचं असतं. हा आक्षेप खरा आहे आणि मला तो मान्य आहे. पण दमलेल्या माणसाला सर्वांत जास्त थकवणारी गोष्ट म्हणजे निवड. रोज रात्री चाळीस नावांतून एक निवडण्याचे कष्ट आपण घेतोच आहोत, फक्त ते हप्त्याहप्त्याने घेत असल्यामुळे जाणवत नाहीत. रविवारी सकाळी ताज्या डोक्याने एक तास घालवून पंधरा नावांची यादी केली, की दमलेल्या रात्री विचार करावा लागत नाही. भाजी निवडून ठेवण्याचं काम आदल्या रात्री करणाऱ्या घरांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. यंत्र आपल्यापेक्षा चांगलं सुचवतं. आपण आपल्याच यादीला चिकटून राहिलो तर नवं काही कळणारच नाही. शिफारशींनी मराठी प्रेक्षकाला इराणी, स्पॅनिश, मल्याळम चित्रपट दाखवले, हे मी नाकारत नाही. एरवी ते फिल्म सोसायटीच्या सभासदांपुरतेच राहिले असते. पण यंत्र काय जाणतं याची मर्यादा ओळखायला हवी. आपल्याला काय आवडेल याचा अंदाज १० टक्क्यांनी सुधारणाऱ्याला नेटफ्लिक्सने १० लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं. २००६ साली सुरू झालेली ती स्पर्धा २००९ साली एका गटाने जिंकली, पण जिंकणारी पूर्ण पद्धत कंपनीने प्रत्यक्षात कधी वापरली नाही. करावी लागणारी मेहनत फायद्याच्या मानाने जास्त होती. २०१७ साली तिथल्याच अभियंत्यांनी सांगितलं, की एकाच चित्रपटाचं चित्रही माणसागणिक बदलतं: 'गुड विल हंटिंग' प्रेमकथा पाहणाऱ्याला नायक-नायिकेच्या चित्रासह दिसेल, विनोदी चित्रपट पाहणाऱ्याला रॉबिन विल्यम्सच्या चेहऱ्यासह. हे कौशल्य आहे यात शंका नाही. पण त्याचा हेतू आपण ती ६० ते ९० सेकंदं संपण्याआधी काहीतरी लावावं हा आहे. ते लावल्यावर आपल्याला काही मिळालं का, हा हेतू आपला, तो यंत्राकडे सोपवता येत नाही. आणि यंत्रावर भरवसा असेल तर त्याला खरी माहिती द्यायला हवी. जो पाच जणांची खिचडी समोर ठेवतो त्याने 'यंत्र चांगलं सुचवतं' असं म्हणण्यात अर्थ नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो. प्रत्येकाचं पान वेगळं केलं तर पंगत मोडते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हापासून बरीच वर्षं घरात एकच वाहिनी होती. शेजारपाजारचे लोकही येऊन बसत आणि 'गजरा' किंवा 'छायागीत' सर्वांचं असे. आज चार खोल्यांत चार पडदे. मग प्रोफाइल वेगळं करून आपण हा दुरावा वाढवतोच आहोत ना? याचं उत्तर सेटिंगमध्येच आहे. पाचातलं एक प्रोफाइल 'घर' या नावाने करावं आणि सगळे मिळून पाहायचं तेच त्यावर पाहावं. त्याची वॉचलिस्ट प्रत्येकाने एकेक नाव घालून भरावी, शनिवारी रात्री त्यातलं एक लागावं, पाळी ठरलेली असावी. महिन्याभरात त्या प्रोफाइलचा पहिला पडदा वेगळाच दिसू लागेल, कारण त्याच्यासमोर फक्त एकत्र पाहण्याच्या आवडीचा पुरावा असेल. आज होतं ते असं, की सगळ्यांचं प्रोफाइल एक आणि पाहणं मात्र वेगवेगळं. पंगत मोडते ती यानेच.

शेवटचा आक्षेप: हे सगळं ओझं प्रेक्षकावर का? चुकीचे पर्याय आधीपासून चालू ठेवणाऱ्या कंपनीला जाब विचारायचा सोडून ग्राहकाला शहाणपण का शिकवायचं? हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. कंपन्या आपले पर्याय आपल्याला न विचारता बदलतात. १७ जून २०२५पासून प्राइम व्हिडिओवर भारतात जाहिराती सुरू झाल्या, आणि त्या नको असतील तर वर्षाला ६९९ रुपये वेगळे भरावे लागतात. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला फसवणाऱ्या १३ प्रकारच्या रचनांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं आणली. वर्गणीच्या सापळ्याचा त्यांत समावेश आहे, पण ऑटोप्लेसारख्या पर्यायांपर्यंत ती पोहोचत नाहीत. ती पोहोचायला हवीत. मुलांच्या प्रोफाइलवर ऑटोप्ले सुरुवातीपासून बंद असावा. महाराष्ट्रात पैसे घेणाऱ्या प्रत्येक सेवेचा पडदा मराठीत वाचता यावा आणि 'देऊळ' देवनागरीत टाकलं की 'देऊळ' सापडावा. मराठी चित्रपटांच्या संघटनांनी आणि भाषेसाठी काम करणाऱ्या संस्थांनी ही मागणी लेखी करायला हवी. थिएटरच्या पडद्यासाठी आपण रस्त्यावर येतो, घरातल्या पडद्यासाठी साधं पत्रही जात नाही. पण कंपनी सुधारेपर्यंत घरातल्या मुलाने पुढचा भाग आपोआप पाहत राहावं आणि आईची आवड न मोजलेलीच राहावी, हे मला पटत नाही. नळाला गढूळ पाणी येतं म्हणून नगरपालिकेकडे तक्रार करायची असते, आणि तोवर पाणी उकळून प्यायचंही असतं.

हे काम घरातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसापासून सुरू करावं, अशी माझी विनंती आहे. तरुण मुलं आपलं आपण पाहून घेतात. आजी-आजोबांना मात्र जे दिसेल ते पाहावं लागतं. त्यांच्या नावाचं प्रोफाइल करावं, नाव मराठीत टाकावं. त्यांना विचारून दहा नावं यादीत घालावीत. सबटायटल्सचा आकार मोठा आणि रंग पिवळा करावा, कारण ऐकू कमी येत असेल तर अक्षरांचाच आधार असतो, आणि ही सोय नेटफ्लिक्सवर प्रत्येक प्रोफाइलला वेगळी ठेवता येते. ऑटोप्ले बंद करावा. मग रिमोट त्यांच्या हातात देऊन आपलं प्रोफाइल कोणतं आणि यादी कुठे ते दोनदा दाखवावं, पुन्हा विचारलं तर पुन्हा दाखवावं. या सगळ्याला मिळून पाऊण तास लागतो.